औंदाची गळती

दिवाळीच्या पाडव्याची जेवणं उरकली, सारवलेल्या ओटीवर सतरंजी पडली आणि कमळाकर कारकुनाने चष्मा पुसून नाकावर चढवला. खाडीकाठ वीजपुरवठा मंडळीची वार्षिक सभा सुरू झाल्याची एवढीच खूण असे. गेली बारा वर्षं असंच चाललं होतं आणि अडुसष्ट सालातही त्यात बदल करावा असं कुणाला वाटलं नव्हतं.

मंडळी म्हणजे घरचीच चार माणसं. सोळा आण्यांतले सहा आणे म्हाताऱ्या गोटीरामाचे, चार थोरल्या जयदेवाचे, चार गोटीरामाच्या विधवा बहिणीचे, येसूबाईचे, आणि दोन धाकट्या गणूचे. सरकारी मंडळाकडून एकगठ्ठा वीज विकत घ्यायची आणि बोनकोडे, सानपाडा, तळवली धरून खाडीकाठच्या पाच गावांत खांबातारांनी घरोघर पोचवायची, हा धंदा. गावाबाहेर पत्र्याच्या खोलीत मोठा मीटर होता, तो घेतलेली वीज सांगायचा. घरोघरचे छोटे मीटर विकलेली वीज सांगायचे. मधे जे हरवायचं त्याला गळती म्हणत. थोडीफार गळती तारा जुन्या म्हणून होतेच, तिचं कुणी मनावर घेत नाही. पण गेल्या पाडव्याला कमळाकरने शंभरात तीस असा आकडा वाचला होता, आणि तेव्हापासून या घरात चुली दोन झाल्या होत्या.

गोजरा उंबऱ्याशी, चौकटीला पाठ लावून बसली होती. ती गणूची बायको. सभेला बायकांनी बसायचं नाही असा काही नियम नव्हता, कारण येसूबाई पहिल्यापासून मधोमध बसत आली होती. पण गोजराची ही पहिलीच खेप. गणू आला नव्हता. सकाळी तिने त्याला ओवाळलं, तेव्हाच तिने विचारलं होतं, "सभेला येताव ना?"

"मी चोर हाय," गणू म्हणाला होता, जसं एखादा माणूस मी उंच आहे असं म्हणेल तसं. "चोरानं सभेत कशाला बसायचं? तू जा. सही कर आन ये."

आणि फावडं घेऊन तो दुसऱ्याच्या मिठागराचे बांध घालायला निघून गेला होता. पाडव्याच्या दिवशी.

चोर हा शब्द कुणी शिवी म्हणून दिला नव्हता, तो ठरावात होता. गेल्या साली गळती बावीसवरून एकदम तीसवर गेली, तेव्हा जयदेवाने सभेत म्हटलं की तारा गणूच्या हातात, शिडी गणूच्या खांद्यावर, तेव्हा वीज विकत असेल तर गणूच विकतो. गणूने हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. तो खाली बघत राहिला. मग येसूबाईने तोडगा काढला. तो तोडगा तिला फार आवडला होता, वर्षभर ती तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. गणूला एक वर्ष तारांपासून लांब ठेवायचं. गळती उतरली नाही तर पोरगा निर्दोष. उतरली तर चोर, आणि मग त्याचे दोन आणे गेले, एक जयदेवाला, एक येसूबाईला. ठरावाखाली गोटीरामाची सही होती. बापाने सही केली तेव्हा गणूने पहिल्यांदा मान वर केली होती, एवढंच गोजराला दाराआडून दिसलं होतं.

आज त्या वर्षाचा निकाल होता.

"डावीकडं गेलं साल, उजवीकडं औंदा," कमळाकर म्हणाला. तो ठाण्याचा, बोलणं पुस्तकी, पण बारा वर्षांत 'औंदा' एवढा एक शब्द त्याने उचलला होता. "घेतलेली वीज. गेल्या साली एक लाख अठ्ठेचाळीस हजार युनिट. औंदा एक लाख बत्तीस हजार."

"कमी?" येसूबाई सावरून बसली.

"कमी घेतली, आत्याबाई. विकलेली ऐका. गेल्या साली एक लाख तीन हजार सहाशे. औंदा एक लाख तेरा हजार पाचशे वीस. कमी घेऊन जास्त विकली."

येसूबाईने पान चघळायचं थांबवलं. हे तिला कळलं. बाजारात ती आयुष्यभर हेच करायला बघत होती.

"आवक गेल्या साली पंचवीस हजार नऊशे, औंदा अठ्ठावीस हजार तीनशे ऐंशी. मंडळाचं बिल, पगार, खांब, तारा सगळं वजा जाता निव्वळ नफा गेल्या साली तीन हजार पाचशे." कमळाकरने पान उलटलं नाही, तरी उलटल्यासारखा थांबला. "औंदा सात हजार दोनशे ऐंशी."

"डबल," जयदेव हळूच म्हणाला. "डबलच्या वर."

तो बढाई मारत नव्हता. तो बढाईखोर माणूसच नव्हता. गणूला काढल्यावर नवा तारकामी ठेवायचे पैसे वाचवावेत म्हणून चाळिशी उलटलेला जयदेव स्वतः शिडीवर चढला होता. दोनदा पडला. चिंचेच्या फांद्या तारांना घासतात म्हणून त्याने पाचही गावच्या चिंचा छाटल्या आणि पाचही गावच्या शिव्या खाल्ल्या. सांधे उकलून नवे बांधले. त्याच्या हातांना घट्टे पडले होते आणि ते तो आज मांडीवर उताणे ठेवून बसला होता, सगळ्यांना दिसतील असे. त्याची बायको जमुना आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो ठेवून आत न जाता तिथेच भिंतीशी बसली. नवऱ्याचं कौतुक ऐकायला कुणाला आवडत नाही?

"आन गळती?" येसूबाईने विचारलं. सगळे त्यासाठीच बसले होते.

"गेल्या साली तीस टक्के. औंदा चौदा."

निम्म्याहून खाली. गोजराला वाटलं होतं, अठ्ठावीस येईल, सव्वीस येईल, भांडता येईल. चौदाशी कोण भांडणार? क्षणभर, फक्त एक क्षणभर, तिच्याही मनात आलं की आपला माणूस खरंच वीज विकत होता की काय, आणि मग त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की कान तापले.

"जालं तर मंग," येसूबाई म्हणाली. "मना काय आनंद नाय. माज्याच भावाचा पोर हाय. पन ठराव तो ठराव. दोन आन्याचे किती होतात रं कमळाकर?"

"नऊशे दहा."

"म्हंजे माजे चारशे पंचावन." तिचं शिक्षण शून्य होतं, पण निम्मं करायला तिला कमळाकर लागत नसे. "आनंद नाय म्हना."

गोटीराम खांबाला टेकून बसला होता. त्याने डोळे मिटले होते. सत्तरीचा माणूस जेवणानंतर डोळे मिटतोच, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

"सही करायची ना, वहिनी?" कमळाकरने वही गोजराकडे सरकवली. त्याला या कामाचं वाईट वाटत होतं. चार वर्षं गोजराच गणूसोबत फिरून मीटरचे आकडे लिहीत होती, कारण गणूचं अक्षर गणूलाही वाचता येत नसे. चौथी शिकलेल्या गोजराचे सात कमळाकरला ठाण्यातल्या कारकुनांच्या सातांपेक्षा आवडत.

गोजराने वही घेतली. पण सही करायची जागा शोधण्याऐवजी तिने पान मागे उलटलं. सवयच तशी. महिन्यांच्या रकान्यांचं पान आलं. मंडळीत मीटर दर अमावास्येला वाचायचे, ही गोटीरामाची पद्धत, त्यामुळे महिने कार्तिक-मार्गशीर्ष असे लिहिलेले असत. ती बोट लावून वाचायला लागली. अगदी सावकाश.

"लई येल लागला," येसूबाई म्हणाली.

"आत्या, भादव्यात बघा," गोजरा म्हणाली. आवाज तिला वाटला होता तेवढा फुटला नाही. "गेल्या भादव्यात गळती पंधराशे दहा युनिट. औंदाच्या भादव्यात पंधराशे चाळीस. औंदाच तीस जास्त हाय."

"मंग?"

"श्रावन तेवढाच. आश्विन तेवढाच. पौष तेवढाच." ती आता जयदेवाकडे वळली. मोठ्या दिराशी ती कधी समोरून बोलली नव्हती. पदर डोक्यावर होता, तो तिने आणखी ओढला आणि बोलली. "भावजी, चोरी करनारा भादव्यात का नाय करनार? पावसात तर कोन बाहेर बी नसतं."

जयदेवाला प्रश्न आवडला नाही, पण तो प्रामाणिक माणूस होता. त्याने वही ओढून घेतली. "फरक कंच्या महिन्यात हाय मंग?"

"वैशाखात बघा. गेल्या साली नऊ हजार वीस. औंदा पंधराशे तीस."

"नऊ हजार!" येसूबाईने गालावर हात ठेवला. "पाच गावं लुटली गं याने."

"जेष्ठ, माघ, फाल्गुन, मार्गशीर्ष," गोजरा म्हणाली. "ह्याच महिन्यांत फरक हाय. दुसऱ्या कंच्याच नाय."

ओटीवरच्या प्रत्येक माणसाला ते महिने कशाचे असतात हे ठाऊक होतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वहीतला महिना आणि मांडवातला महिना एकच असतो, हे कुणाच्या डोक्यात यायला थोडा वेळ लागला. पहिली बोलली ती भिंतीशी बसलेली जमुना.

"लग्नाचे महिने हायत ते," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या विरुद्ध बोललो की काय म्हणून तोंडावर हात ठेवला.

"लग्नाचे," गोजरा म्हणाली. "आन औंदा सिंहस्थ. गेल्या दिवालीपासनं आता परवापर्यंत गुरू सिंहेत बसला व्हता. पाच गावांत एक लगीन जालं नाय. आन सिंहस्थ लागनार म्हनून त्याच्या आदीच्या साली जो तो पोरी उजवत सुटला. एकेका मांडवात दोन दोन."

आता हळदीच्या तारेबद्दल सांगायला हवं, जरी त्या ओटीवर ते कुणाला सांगायची गरज नव्हती. खाडीकाठी हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. रात्रभर गाणी, नाच, गावजेवण. ज्या घरी हळद त्या घरी मंडळीचा माणूस शिडी घेऊन जायचा आणि घराच्या मीटरला न विचारता थेट खांबावरून तार सोडून मांडव उजळून द्यायचा. तीन रात्री. बिल नाही. त्याबदली घरधनीण तारेचा मान म्हणून एक नारळ आणि एक खण द्यायची. खांब आले तेव्हापासूनची ही रीत. येसूबाईच्या तिन्ही मुलींच्या हळदी या तारेवर झाल्या होत्या. जयदेवाची स्वतःची तेवढी आधीची, तेव्हा गॅसबत्त्या होत्या. ही वीज जाते कुठून, याचा विचार कुणी केला नव्हता. हळदीच्या दिव्यांना कोण मोजतं?

"किती लग्नं जाली गेल्या साली?" जयदेवाने विचारलं.

गोजरा उठली, मागच्या खोल्यांत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. सभेच्या सतरंजीवर तिने ती उघडली. आत खण होते. हिरवे, तांबडे, जांभळे, काठाचे, बिनकाठाचे, घडी न मोडलेले. नारळ खाऊन संपले होते, पण गणू दरवेळी खण तिच्या हातात आणून देई आणि ती ठेवून देई. इतके खण कोण शिवणार? प्रत्येक दिवाळीला ती नवी चळत लावायची, खाली जुन्या सालच्या, वर नव्या.

कमळाकरने वरच्या चळतीतले, म्हणजे सिंहस्थाआधीच्या सालचे, खण मोजले. सरकारमान्य हिशेब लिहिणाऱ्या माणसाला चोळीचे खण मोजायला लागावेत याचं त्याला काहीच वाटलं नाही, किंवा वाटलं तरी त्याने दाखवलं नाही. येसूबाईने मधेच एक हिरवा उचलून "ह्यो माज्या धाकटीच्या हळदीचा," असं म्हणून परत ठेवला, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"एकशे अठरा," तो म्हणाला.

"एका हळदीला किती वीज?" जयदेव.

"साठ दिवे, शंभराचे," गोजरा म्हणाली. "बारा तास. तीन राती. आन गान्याच्या कर्न्याचे चार युनिट धरा."

कमळाकरची पेन्सिल चालली. "दोनशे सोळा आणि चार, दोनशे वीस. गुणिले एकशे अठरा. पंचवीस हजार नऊशे साठ." त्याने दोन्ही सालच्या गळतीतला फरक काढला आणि चष्मा काढून पुसला. "फरक आहे पंचवीस हजार नऊशे वीस. चाळीस युनिट जुळत नाहीत."

"एका मांडवात कर्ना फुटला व्हता," जमुना म्हणाली. "तलवलीला."

जयदेव आपल्या हातांकडे बघत होता. गोजराला त्याची कीव आली. तिला त्याचा राग यायला हवा होता, वर्षभर ती तो रोज ताजा ठेवत आली होती. पण एका वर्षात नफा दुप्पट करणारा माणूस, आणि तो नफा गुरू सिंह राशीत होता म्हणून झाला, हे त्याला पाडव्याच्या दिवशी बायकोदेखत कळलं होतं. चिंचा त्याने उगाच छाटल्या होत्या.

त्याने मान वर केली तेव्हा मात्र तो पुन्हा मंडळीचा कारभारी झाला होता.

"बरं. मंग हळदीची तार आजपासनं बंद."

येसूबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बंद म्हंजे? मार्गशीर्षात माज्या थोरल्याच्या पोराची हळद हाय!"

"बिल भरा."

"सोताच्या मंडलीला बिल? चार आने माजे हायत!"

"आन आपल्या पुतळाची माघात हाय," जमुना जमिनीकडे बघत म्हणाली. पुतळा त्यांची एकुलती एक मुलगी. "तीनशे मानसं सांगितलीत तुमी. कंदील लावू?"

जयदेवाने तिच्याकडे पाहिलं. तांब्या ठेवायला आलेली बायको आत का गेली नाही, असं त्याला त्या वेळी वाटलं असावं.

येसूबाई आता सरकत सरकत गोजराच्या बाजूला आली होती. चारशे पंचावन्न रुपये तिने मनातल्या मनात सोडले होते. साठ दिव्यांपुढे ते फिके होते. "मी पयल्यापासनं बोलत व्हते," ती म्हणाली, "गनू तसा पोर नाय. गरीब हाय बिचारा. कुनाचा तोडगा व्हता तो, काय माहीत."

"पन आत्या, चोरी ती चोरीच," जयदेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "विकली नाय, मानलं मी. फुकट वाटली. एकशे अठरा येळा. मंडलीची वीज. लायसनात सरळ लिवलंय, एकाला फुकट आन एकाला पैशानं, असं करायचं नाय. ह्याला कोनी सांगितलं व्हतं वाटायला? कोनी परवानगी दिली? तो मंडलीचा मालक हाय का?"

गोजरा पेटीचं झाकण धरून बसली. खांब आले तेव्हा गणू वीस वर्षांचा असेल. वीस वर्षांचा पोरगा आपल्या मनाने पाच गावांच्या लग्नांना वीज वाटतो? जो माणूस बाजारातून आणलेल्या मिरचीचाही भाव घरी सांगतो, तो? आणि मग वर्षभर चोर म्हणवून घेतो, पण तोंड उघडत नाही?

तिने सासऱ्याकडे पाहिलं.

गोटीरामाचे डोळे मिटलेले होते, पण तो झोपलेला नव्हता. खाली टेकलेला त्याचा हात सतरंजीच्या दशा ओढत होता. गोजरा बघत राहिली. पदर घसरला, तो तिने सावरला नाही. बाकीचे जयदेवाकडे बघत होते, जयदेव वहीकडे. कुणी गोटीरामाचं नाव घेतलं नव्हतं. आणखी थोडा वेळ कुणी बोललं नसतं तर कमळाकरने सहीची वही पुन्हा पुढे केली असती, आणि प्रकरण मिटलं असतं.

"मी," गोटीराम म्हणाला.

डोळे मिटूनच म्हणाला, म्हणून जयदेवाला वाटलं तो झोपेत बोलला.

"मी सांगितलं व्हतं." आता त्याने डोळे उघडले. "खांब रोवायचे व्हते तवा शेतात खांब कोनी घेईना. ज्याच्या त्याच्या पाया पडलो. शेवटाला बोललो, तुमच्या पोरापोरींच्या हळदीला उजेड माजा. जवर खांब उबा हाय तवर. तवा कुठं खड्डे मारू दिले." तो थांबला. "वहीत घालायसारखं नव्हतं. म्हनून गनूला सांगितलं. तो बोलत नाय, म्हनून त्याला सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू वहीत लिवलं असतंस."

"लिवलंच असतं," जयदेव म्हणाला.

"म्हनून नाय सांगितलं."

"आन गेल्या पाडव्याला?" जयदेवाने विचारलं. "बा, तुमी इथंच बसला व्हता. मी चोर बोललो त्याला. तुमी सही केलीत."

"केली."

"का?"

म्हाताऱ्याने सतरंजीची दशा सोडली. "लायसनाला घाबरलो," तो म्हणाला. "वाटलं, पोर घरातच हाय, काय होतंय. लायसन गेलं तर परत नाय येनार." मग त्याने गोजराकडे न बघता सांगितलं, "चुकलं माजं."

एवढ्या वर्षांत या घरात तो शब्द कुणी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. येसूबाईने पदर डोळ्यांना लावला. ती रडायला कायम तयार असे, पण या वेळचं रडणं खरं होतं.

"कमळाकर, गेल्या सालचा ठराव खोड."

"ठराव खोडता येत नाही, आबा. खाली नवा लिहिता येतो."

"मंग लिव. हळदीची वीज गोटीरामाच्या सांगन्यावरनं दिली. गनूचा त्यात दोष नाय. दोन आने त्याचेच. आन त्या विजेचे मंडलाला जे भरले ते माज्या औंदाच्या वाट्यातनं कापून घे."

कमळाकरने हिशेब केला. "दोन हजार पाचशे शहाण्णव होतात. तुमचा वाटा दोन हजार सातशे तीस. हातात एकशे चौतीस उरतील." मग त्याने पेन्सिल खाली ठेवली. "आबा, ही वही मला ठाण्याला दाखवावी लागते. तिथून वर जाते. हे लिहिलं तर साहेब विचारणार. लायसनवर गदा येईल."

गोटीरामाने जयदेवाकडे पाहिलं. कारभारी तो होता, आणि बुडाला तर त्याचाच धंदा बुडणार होता. त्याने एक शब्द काढला असता तरी कमळाकरचा हात थांबला असता. जयदेवाने घट्टे पडलेले हात एकमेकांवर घासले.

"शाईनं लिव," तो म्हणाला. "पेन्सिल पुसते."

कमळाकरने शाईने लिहिलं. गोटीरामाने सही केली, मग जयदेवाने. येसूबाईने अंगठा उठवला आणि लिहिणं वाळायच्या आत विचारून घेतलं की मार्गशीर्षातल्या हळदीचं काय. कमळाकर शाई टिपत राहिला. गणूच्या जागी गोजराने सही केली. अक्षर चांगलं आलं.

ती तशीच मिठागराकडे निघाली. पेटी सतरंजीवरच राहिली. ऊन अजून चटचटत होतं आणि बांधावर गणूशिवाय कुणी नव्हतं, कारण पाडव्याच्या दिवशी शहाणी माणसं मिठागरावर जात नाहीत. तो गुडघाभर चिखलात उभा राहून बांध थापत होता. तिने चपला हातात घेतल्या आणि बांधावरून चालत त्याच्यापाशी गेली.

"गेले दोन आने?" त्याने मान वर न करता विचारलं.

"नाय."

मग तिने सगळं सांगितलं. भादवा, वैशाख, सिंहस्थ, खण, जुळत नसलेले चाळीस युनिट. तो ऐकत होता आणि चिखल थापत होता. वचनाचं सांगितलं तेव्हा त्याचा हात थांबला. सहीचं सांगितलं तेव्हा त्याने फावडं बांधात रोवलं.

"लायसन जानार," तो म्हणाला.

"जाईल नायतर ऱ्हाईल." तिला आता रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस ओरडतोच. "तुमाला ठाव व्हतं! वरीसभर! चोराची बायको म्हनून पान्याला जात व्हते मी, बायका घागर बाजूला घेत व्हत्या. मना तरी सांगायचं व्हतं!"

"तुला सांगितलं असतं तर तू बोलली असतीस."

"बोलले असते! चारचौघांत बोलले असते!"

"म्हनूनच," गणू म्हणाला. "तू बोलली असतीस तर बाला बोलायला काय ऱ्हायलं असतं? मी त्याची वाट बघत व्हतो."

हा माणूस वर्षभर दुसऱ्याचे बांध घालत कशाची वाट बघत होता ते गोजराला आत्ता कळत होतं. तिला वाटलं होतं तो गळती उतरू नये म्हणून देवाला सांगत असेल. त्याच्या डोक्यात गळती नव्हतीच.

गणूने पाण्यात हात धुतले. सावकाश, बोटं वेगळी करून. मग तिच्याकडे पाठ असतानाच विचारलं, "कोनी बोट दाखवल्यावर बोलला का आपून होऊन?"

ओटीवर आपण किती वेळ सासऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो, ते गोजराला आठवलं. बोट तर कुणी दाखवलं नव्हतं. नाव तर कुणी घेतलं नव्हतं.

"आपून होऊन," ती म्हणाली.

गणू पाण्यातून बाहेर आला. बांधावर चढला, फावडं खांद्यावर घेतलं आणि तिच्या हातातल्या चपला घेऊन तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"चल मंग," तो म्हणाला, "बाच्या पाया पडून येऊ. पाडवा हाय."